रॉजर ब्रेस्नहान : लोक हसले तरी पॅड न सोडणारा कॅचर

क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक पायाला पॅड बांधून उभा असतो, हे आपण सारे जाणतो. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु अमेरिकेच्या बेसबॉल या खेळात एक काळ असा होता, की पायाला पॅड बांधणे म्हणजे भित्रेपणाची कबुली समजली जाई. हा समज ज्यांनी हजारो लोकांच्या देखत मोडून काढला, त्या रॉजर ब्रेस्नहान यांची ही जीवनकथा आहे.

प्रथम कॅचरचे काम काय, ते थोडक्यात पाहू. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. फलंदाजाच्या अगदी मागे उकिडवा बसून तो चेंडू झेलतो, तो कॅचर. चेंडू जमिनीवर टप्पा न घेता थेट वेगाने येतो. बॅटीची नुसती कड लागली, की दिशा बदलून तो कॅचरच्या बोटांवर, गुडघ्यावर किंवा नडगीवर आदळतो. शिवाय धाव पुरी करण्यासाठी समोरून घसरत येणाऱ्या खेळाडूच्या बुटांना धातूचे खिळे असतात. त्या काळच्या कॅचरांची बोटे मोडून वाकडी झालेली असत आणि पाय जखमांनी भरलेले असत. तोंडासाठी तारेचा मुखवटा १८७० नंतरच्या दशकात आला. पुढे छातीसाठी गादीही आली. पण विसावे शतक उजाडले, तरी कॅचरचे पाय उघडेच होते.

रॉजर ब्रेस्नहान यांचा जन्म ११ जून १८७९ रोजी ओहायो राज्यातील टोलेडो शहरी झाला. त्यांचे आईवडील आयर्लंडहून अमेरिकेत येऊन स्थायिक झाले होते. पुढे नावलौकिक झाल्यावर लोक त्यांना ट्रॅलीचा ड्यूक म्हणू लागले. ट्रॅली हे आयर्लंडमधील एक गाव. आपला जन्म तेथेच झाला, असा लोकांचा समज त्यांनी होऊ दिला आणि स्वतःही तसेच सांगत राहिले. वस्तुतः ते पक्के टोलेडोचे. पूर्वजांच्या गावाचे नाव आपल्या नावाला जोडावे ही ओढ समुद्र ओलांडून आलेल्या घराण्यांना काही नवी नाही, म्हणून या लहानशा थापेबद्दल आपण तरी त्यांना दोष देऊ नये.

गंमत अशी, की त्यांनी मोठ्या मैदानात पहिले पाऊल टाकले ते कॅचर म्हणून नव्हे, तर पिचर म्हणून. ऑगस्ट १८९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, वॉशिंग्टनच्या संघाकडून खेळताना त्यांनी पहिल्याच सामन्यात सेंट लुईसच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. त्या हंगामात पिचर म्हणून त्यांनी चार सामने जिंकले आणि एकही गमावला नाही. साहजिकच पुढच्या वर्षी त्यांनी पगारवाढ मागितली. संघाने ती दिली नाहीच, उलट त्यांनाच घरी पाठवले. मग काही वर्षे ते लहानसहान संघांतून खेळत राहिले.

१९०१ साली ते बाल्टिमोरच्या संघात आले. तेथे जॉन मॅग्रॉ हे संघाचे व्यवस्थापक होते. संघाच्या नेहमीच्या कॅचरला दुखापत झाली, तेव्हा ब्रेस्नहान यांनी ती जागा घेतली. मॅग्रॉ जसे तापट, तसेच ब्रेस्नहानही. पंचांशी हुज्जत घालणे आणि मैदानाबाहेर काढले जाणे दोघांच्याही अंगवळणी पडले होते. दोघांचे सूत जमले. १९०२ च्या जुलैमध्ये मॅग्रॉ न्यूयॉर्क जायंट्स या संघाकडे गेले, तेव्हा ब्रेस्नहानही त्यांच्या पाठोपाठ गेले.

कॅचर म्हणजे जड अंगाचा आणि मंद पायाचा गडी, अशी सर्वसाधारण समजूत असते. ब्रेस्नहान यांनी तीही खोटी ठरवली. १९०३ साली मुख्यतः मैदानाच्या मध्यभागी दूरवर क्षेत्ररक्षण करीत असताना त्यांनी ०.३५० च्या सरासरीने फलंदाजी केली. बेसबॉलमध्ये ०.३०० हीच उत्तम फलंदाजाची खूण मानतात. ते इतके चपळ होते, की मॅग्रॉ त्यांना पुष्कळदा सर्वांत आधी फलंदाजीला पाठवीत. पिचरचे लक्ष चुकवून पुढचा तळ पळत गाठण्याचा पराक्रम त्यांनी आयुष्यात २१२ वेळा केला.

१९०५ चा हंगाम हा त्यांच्या कीर्तीचा कळस. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये जायंट्सने फिलाडेल्फियाच्या अ‍ॅथलेटिक्स संघाला चार विरुद्ध एक अशा फरकाने हरवले. पाचही सामन्यांत हरलेल्या संघाला एकही धाव मिळाली नाही. त्यांपैकी तीन सामने क्रिस्टी मॅथ्यूसन या थोर पिचरने सहा दिवसांच्या आत जिंकून दिले. त्या यशाबद्दल मॅथ्यूसन यांचे नाव आजही घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु पाचही सामने त्या चेंडूंमागे बसून होते ब्रेस्नहान. शिवाय ०.३१३ च्या सरासरीने फलंदाजी करून त्यांनी आपल्या संघात पहिला क्रमांक मिळवला.

आता १९०७ सालाकडे वळू. ११ एप्रिल रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर हंगामाचा पहिला सामना होता. मैदानाच्या कडेला बर्फाचे ढीग लावलेले होते. ब्रेस्नहान बाहेर आले ते दोन्ही पायांना जाड, अवजड पॅड बांधून. ही कल्पना त्यांना क्रिकेटपटूंच्या पॅडवरून सुचली होती. प्रेक्षकांनी हसून आणि ओरडून मैदान डोक्यावर घेतले. दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत कोणी किती सोसले हे प्रेक्षकांना दिसत नाही, त्यांना फक्त पायाचे पॅड दिसतात. त्या दिवशीचा गोंधळ तेवढ्यावर थांबला नाही. जायंट्स हरत आहेत असे पाहून लोकांनी बर्फाचे गोळे फेकण्यास सुरुवात केली आणि ते मैदानात घुसले, तेव्हा पंचांनी सामना फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाला बहाल केला.

चेष्टा झाली म्हणून ब्रेस्नहान यांनी पॅड सोडले नाहीत. पिट्सबर्ग संघाचे व्यवस्थापक फ्रेड क्लार्क यांनी, या पॅडमुळे घसरत येणाऱ्या खेळाडूला इजा होईल, अशी तक्रार केली. ती मान्य झाली नाही. पुढे थोड्याच वर्षांत इतर कॅचरही पॅड वापरू लागले, आणि हसणारे गप्प झाले.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पायाला संरक्षण बांधणारे ब्रेस्नहान हे पहिलेच नव्हेत. काही कॅचर मोज्यांच्या आत लपवून काहीबाही बांधीत असत. त्याच्याही आधी, १८८० नंतरच्या दशकात, बड फाउलर आणि फ्रँक ग्रँट हे कृष्णवर्णीय खेळाडू दुसऱ्या तळावर उभे राहताना नडग्यांना लाकडी फळ्या बांधीत, असे त्या काळच्या खेळाडूंनी सांगून ठेवले आहे. कारण गोरे खेळाडू मुद्दाम बुटांचे खिळे त्यांच्या पायांवर रोखून येत. पुढे तर कृष्णवर्णीयांना या मोठ्या संघांची दारेच बंद झाली, ती १९४७ पर्यंत. म्हणून पॅडचा शोध लावल्याचे श्रेय ब्रेस्नहान यांना देता येणार नाही. त्यांचे श्रेय निराळे आहे. जे इतर लपवून करीत, ते त्यांनी उघडपणे केले. नाव झालेला खेळाडू लाज न बाळगता पॅड बांधतो हे दिसल्यावर मागून येणाऱ्यांची वाट मोकळी झाली.

त्याच वर्षी १८ जूनला सिनसिनाटीच्या अँडी कोकली यांनी फेकलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. ते बेशुद्ध पडले. प्रकृती इतकी गंभीर झाली, की धर्मगुरूंना बोलावून अंत्यसमयीचे विधीही उरकण्यात आले. सुदैवाने ते वाचले. बरे होऊन परतल्यावर फलंदाजीच्या वेळी डोक्याला चामड्याचे संरक्षण लावून त्यांनी पाहिले. मात्र या बाबतीत त्यांचे अनुकरण कोणी केले नाही. १९२० साली क्लीव्हलँडचे रे चॅपमन डोक्यावर चेंडू बसून मरण पावले, तरीही डोळे उघडले नाहीत. मोठ्या संघांत नव्याने येणाऱ्या प्रत्येक फलंदाजाला हेल्मेटची सक्ती झाली ती १९७१ साली.

१९०९ पासून चार वर्षे ब्रेस्नहान सेंट लुईस कार्डिनल्सचे खेळाडू आणि व्यवस्थापक होते. ११ जुलै १९११ च्या पहाटे त्यांच्या संघाची रेल्वेगाडी कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे रुळावरून घसरली. डझनभर किंवा त्याहून अधिक माणसे दगावली. इंजिनाजवळच्या आवाजाने झोप लागत नाही, अशी तक्रार ब्रेस्नहान यांनी आधी केली होती, आणि संघाचे डबे मागे हलवण्यात आले होते. त्यामुळे खेळाडू बचावले. ते स्वस्थ बसले नाहीत. जखमींना बाहेर काढण्यासाठी ते अंधारात राबले.

त्याच वर्षी संघाची मालकी हेलेन ब्रिटन या बाईंकडे आली. मोठ्या संघाच्या त्या पहिल्या स्त्री मालक. ब्रेस्नहान यांना बाईंच्या सूचना रुचल्या नाहीत, आणि त्यांची जीभ तिखट होती. १९१२ च्या अखेरीस त्यांना काढून टाकण्यात आले. मैदानावरील धैर्य आणि घरातील संयम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच खरे. पुढे तीन वर्षे ते शिकागोकडे होते, आणि १९१५ साली मोठ्या संघांतील खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द संपली.

नंतर त्यांनी आपल्या टोलेडो शहराचाच संघ विकत घेतला आणि काही वर्षे चालवला. पुढे मोठ्या संघांत प्रशिक्षकाचेही काम केले. परंतु १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत त्यांची बरीचशी पुंजी बुडाली. एके काळी न्यूयॉर्कने ज्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांनी टोलेडोच्या कैदखान्यात पहारेकऱ्याची नोकरी केली, मग एका मद्यकारखान्याचा विक्रेता म्हणून काम केले. कष्टाची त्यांना लाज वाटली नाही. १९४४ साली त्यांनी स्थानिक निवडणूक लढवली, आणि थोडक्या मतांनी ते हरले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला हृदयविकाराने टोलेडो येथेच त्यांचे निधन झाले.

दुसऱ्याच वर्षी, १९४५ साली, बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांची निवड झाली. आकड्यांनी पाहता त्यांच्याहून सरस कॅचर पुढे झाले, आणि हा मान त्यांना मृत्यूच्या हळहळीपोटी मिळाला, असे म्हणणारे टीकाकारही आहेत. ते काहीही असो. आज अमेरिकेत, जपानमध्ये, क्युबात शाळेचा एखादा मुलगा कॅचर म्हणून बसतो, तेव्हा नडगीला पॅड बांधूनच बसतो. त्याला कोणी हसत नाही. त्याच्या वाट्याचे हसू १९०७ सालच्या त्या थंड दुपारी दुसऱ्या कोणीतरी सोसून ठेवलेले आहे. आपल्या मुलांना शूर कोणाला म्हणावे हे सांगताना, दुखत नाही असे दाखवणाऱ्याबरोबरच, दुखते हे कबूल करून उपाय करणाऱ्याचेही नाव आपण घ्यावे.