गिरणीच्या दारातला रंगमंच

दर वर्षी १ ऑगस्टला मुंबईच्या पूर्व उपनगरांत, कुर्ला, चेंबूर, घाटकोपरच्या वस्त्यांतून मिरवणुका निघतात. टेम्पोवर जनरेटर चढवलेला असतो. त्याच्या विजेवर कॅसिओ, ऑक्टोपॅड आणि तारांखाली पिकअप बसवलेला बेंजो वाजत असतो. पावसाची सर आली की वाद्यांवर प्लास्टिक ओढले जाते आणि सर ओसरली की पुन्हा ठेका धरला जातो. श्रोत्यांनी वादकांकडे यायचे, हा संगीताचा नेहमीचा नियम येथे उलटा होतो. वादकच श्रोत्यांच्या दारात जातात. ज्यांच्या जयंतीनिमित्त हा सोहळा होतो, त्या अण्णाभाऊ साठे यांना विजेची ही वाद्ये नवलाची वाटली असती. पण रस्त्यालाच रंगमंच करण्याची ही रीत मात्र त्यांच्या अगदी परिचयाची होती. आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे त्यांनी हेच केले. त्यांच्याकडे जनरेटर नव्हता. खांद्याला अडकवून लोकलने नेता येईल एवढीच सामग्री होती आणि मागावर पोलिस होते.

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचे पाळण्यातले नाव. १ ऑगस्ट १९२० रोजी तत्कालीन सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात, वाटेगाव येथील मातंग वस्तीत त्यांचा जन्म झाला. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, अशांपैकी हा समाज होता. कर्त्या पुरुषांना सरकारी हजेरी द्यावी लागे. शाळेशी अण्णाभाऊंचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. हलगीशी मात्र तो जन्मापासूनचा, कारण गावगाड्यात लग्नापासून जत्रेपर्यंतचे वादन याच वस्तीकडे होते. वाद्य वाजवणाऱ्याला गावात मान नव्हता, पण त्याच्यावाचून गावाचे एकही मंगल कार्य पार पडत नव्हते. हा विरोधाभास त्या मुलाने फार लहानपणी पाहिला.

१९३१च्या सुमारास दुष्काळ आणि दारिद्र्याला कंटाळून साठे कुटुंब मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून वाटेत मिळेल ते काम करत सगळे पायी आले आणि भायखळ्याच्या चाळीत विसावले. मग हमाली, फेरीवाल्याच्या मागे गाठोडे वाहणे आणि पुढे गिरणीतली नोकरी असा क्रम सुरू झाला. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत ते अक्षरे शिकले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. शहराने त्यांना आणखी दोन गोष्टी शिकवल्या. एक, गिरणीचा भोंगा झाला की हजारो माणसे एकाच वेळी एकाच दारातून बाहेर पडतात. दुसरी, त्या माणसांना नाट्यगृहाचे तिकीट परवडत नाही.

मधल्या काळात ते गावी परतले आणि नात्यातील बापू साठे यांच्या तमाशात दाखल झाले. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग हा तमाशाचा साचा, सोंगाड्याची हजरजबाबी आणि ढोलकी-तुणतुण्याची साथ त्यांनी तेथे आत्मसात केली. पुढे जे घडले त्याचा पाया हा होता. अण्णाभाऊंना पोवाडेकार म्हणून ओळखणारे अनेक आहेत. फडावर उभे राहून त्यांनी घेतलेल्या या शिक्षणाची दखल तुलनेने कमी घेतली जाते.

पुन्हा मुंबईत आल्यावर त्यांचा मुक्काम माटुंग्याच्या लेबर कॅम्पात पडला. महापालिकेच्या कामगारांची ही वस्ती म्हणजे दलित आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचे केंद्र होते. येथे त्यांनी केलेले सुरुवातीचे एक गाणे डासांवर होते, यावरून वस्तीची अवस्था आणि कवीची नजर दोन्ही कळून येतात. लवकरच विषय विस्तारले. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या जनतेने दिलेल्या लढ्यावर त्यांनी १९४३ मध्ये पोवाडा रचला आणि गिरणगावात त्यांचे नाव झाले. ज्या शहराचा नकाशाही पाहिलेला नाही, त्याची लढाई त्यांनी शिवकालीन रणसंग्राम सांगावा अशा थाटात उभी केली होती. पुढे हा पोवाडा रशियन भाषेतही गेला.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. बार्शीचे अमर शेख यांचा आवाज पहाडी होता. मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत तो पोचायचा. गव्हाणकर स्वतः शाहीर आणि कवी. अण्णाभाऊंकडे लेखणी, वादन आणि सोंगाड्याचा अभिनय असा तिहेरी ऐवज होता. डफ, ढोलकी, तुणतुणे, झांज आणि जमल्यास हातपेटी एवढीच या मंडळींची सामग्री. यातले प्रत्येक वाद्य एका माणसाला उचलता येत असे. पडदा नाही, प्रकाशयोजना नाही, रंगभूषा नाही. ध्वनिक्षेपक असलाच तर सभेचा, नसेल तर गळ्याचा भरवसा. चाळीचे पटांगण, गिरणीचे फाटक, नाका, किसान परिषदेचा मांडव, जेथे माणसे जमत तेथे कार्यक्रम होई.

अशा जागी गाणे आणि नाट्यगृहात गाणे यांत मोठे अंतर आहे. पाळी सुटलेला कामगार दमलेला असतो. त्याला लोकल किंवा ट्राम गाठायची असते. पहिल्या दोन-तीन मिनिटांत तो थांबला नाही तर पुन्हा थांबत नाही. त्यामुळे डफावरची पहिली थाप जोरकस हवी, पहिली ओळ सोपी हवी आणि ध्रुपद असे हवे की जीलकऱ्यांबरोबर समोरच्यालाही ते उचलता यावे. पावसाळ्यात आणखी एक अडचण येई. दमट हवेत डफाचे कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. मग कागद किंवा चिपाडे पेटवून ते शेकून घ्यावे लागते. अण्णाभाऊंच्या रचनांतील छोटी वाक्ये, ठसठशीत चित्रे आणि दर काही ओळींनी येणारा टोला यांचा उगम या परिस्थितीत शोधायला हवा. रस्त्यावर टिकण्यासाठी जे करावे लागले, तेच पुढे त्यांची शैली म्हणून ओळखले गेले.

तमाशाच्या साच्यातही त्यांनी फेरफार केले. आरंभीच्या गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, श्रमिकांना आणि हुतात्म्यांना वंदन आले. गौळण त्यांनी वगळली. सोंगाड्या ठेवला, पण त्याच्या थट्टेचा रोख सावकार, शेठजी आणि पुढाऱ्यांकडे वळवला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘बेकायदेशीर’ ही वगनाट्यांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. बंगालचा दुष्काळ, अमळनेरचे हुतात्मे, फाळणीच्या वेळचे पंजाब-दिल्लीतील दंगे यांवर त्यांनी पोवाडे केले. वृत्तपत्र न वाचणाऱ्या, किंबहुना वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत देशातली बातमी अशी चालीवर पोचत होती. या काळातील त्यांचे लेखन पक्षाच्या भूमिकेला बांधलेले होते आणि काही रचनांत घोषणा कवितेवर मात करते, हेही नमूद करायला हवे. मात्र त्यांचा विनोद कधीही पक्षाच्या पत्रकासारखा कोरडा झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे. तमाशा अश्लील असल्याचे कारण देऊन त्यावर बंदी घालण्यात आली. १९४८ नंतर कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांनाही मनाई झाली. फडावर पोट असलेल्या शेकडो कलावंतांवर यामुळे उपासमारीची वेळ आली. अण्णाभाऊंच्या पथकापुढचा प्रश्न वेगळा होता. त्यांचे प्रयोग मुळात नाट्यगृहात नव्हतेच, त्यामुळे नाट्यगृहाला कुलूप घालून ते थांबवता येत नव्हते. एका नाक्यावर मनाई झाली तर दुसरा नाका होता. वाद्ये हाताने उचलण्याजोगी असण्याचा खरा फायदा या दिवसांत झाला.

बंदी तमाशावर होती. तेव्हा अण्णाभाऊंनी आपल्या प्रयोगांना लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली. कायद्याला बगल देण्यासाठी घेतलेले हे नाव पुढे इतके रुजले की मध्यमवर्गीय प्रेक्षकांनीही ते आपलेसे केले आणि नंतरच्या दशकांत शहरी रंगभूमीवर लोकनाट्यांना प्रतिष्ठा मिळाली. त्या प्रतिष्ठेतला वाटा मात्र ज्यांनी पोलिसांना चुकवत ते नाव रूढ केले त्यांच्या पदरी फारसा पडला नाही. १९४९ मध्ये अलाहाबादच्या अधिवेशनात भारतीय जननाट्य संघाचे, म्हणजे ‘इप्टा’चे, अध्यक्षपद अण्णाभाऊंकडे आले. देशभरातील नामवंत नट, लेखक आणि संगीतकारांच्या संघटनेच्या प्रमुखपदी दीड दिवस शाळेत गेलेला गिरणी कामगार बसला, ही घटना आजही विचारात पाडणारी आहे.

कलापथकाला सर्वांत मोठा श्रोतृवर्ग लाभला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीसाठी १९५५च्या अखेरीपासून शहर पेटले. गोळीबार झाले, १०६ जणांनी प्राण दिले. शिवाजी पार्कपासून खेड्यांतल्या पारापर्यंत सभा होत आणि नेत्यांच्या भाषणांआधी शाहिरांचा डफ वाजे. याच काळात अण्णाभाऊंनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड रचली. पोटासाठी मुंबईत आलेला कामगार गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो, येथून ती सुरू होते. ऐकता ऐकता ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव, कारवार, निपाणीचा मुलूख होऊन जाते. गिरणगावातल्या बहुतेक कामगारांचे कुटुंब गावी होते. त्यांना राजकीय मागणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही, ताटातूट ते रोजच भोगत होते. पुढे शाहीर विठ्ठल उमप यांच्या आवाजात ही रचना नव्या पिढ्यांनी ऐकली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला; छक्कडीतली मैना मात्र अद्याप पलीकडेच आहे.

मुंबईवर त्यांनी लावणीही लिहिली. पठ्ठे बापूरावांनी या शहराचे वैभव गायले होते. अण्णाभाऊंनी त्याच मुंबईत मलबार हिलची श्रीमंती आणि कामगार वस्तीतली उपासमार शेजारी शेजारी मांडली. हे त्यांना दुरून पाहावे लागत नव्हते. जवळजवळ दोन दशके त्यांचे बिऱ्हाड घाटकोपरच्या चिरागनगरात, एका झोपडीत होते. कुर्ला ते घाटकोपर हा सारा पट्टा तेव्हा कारखान्यांचा आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या झोपडपट्ट्यांचा. कुर्ल्यात स्वदेशी मिल, प्रीमियर ऑटोमोबाइल्ससारखे कारखाने होते. तेथे राबणाऱ्यांच्या वस्त्यांना नळ आणि दिवे मिळायला फार वर्षे लागली. ‘चिरागनगरची भुतं’ या कथासंग्रहात ही दुनिया आली आहे.

याच झोपडीत बसून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. ‘फकिरा’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. दुष्काळात वस्ती जगवण्यासाठी इंग्रजांचा खजिना लुटणाऱ्या वीराची ही कथा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. त्याआधी, २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन त्यांच्या हस्ते झाले होते. ‘वैजयंता’ मध्ये तर त्यांनी तमासगीर स्त्रीचेच आयुष्य रंगवले. तिच्यावर आणि ‘फकिरा’वर चित्रपट निघाले. १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाचा दौराही घडला. त्याचे वर्णन ‘माझा रशियाचा प्रवास’ मध्ये आहे.

तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, चित्रपट, परदेशवारी एवढे असूनही घरची चणचण संपली नाही. पुस्तकांचे आणि पटकथांचे पैसे वेळेवर आणि पुरते हाती येत नसत. कलापथक विखुरले होते. लढा संपल्यावर सभांना शाहिरांची पूर्वीसारखी गरज राहिली नाही. शेवटच्या वर्षांत एकाकीपण आणि ढासळलेली प्रकृती यांनी त्यांना घेरले. १९६८ मध्ये ते चिरागनगर सोडून गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, सरकारकडून मिळालेल्या घरात राहायला गेले. तेथे १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची ४९ वर्षे पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी होते. त्यानंतर ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले. लाल बावटा कलापथकाच्या तीन संस्थापकांपैकी दोघे एकाच पावसाळ्यात काळाआड झाले.

सन्मान नंतर आले. टपाल खात्याने २००२ मध्ये त्यांच्यावर चार रुपयांचे तिकीट काढले. २०२२ मध्ये मॉस्कोच्या परकीय साहित्य ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. भायखळ्यात राणीबागेजवळ, वाटेगावहून चालत आलेल्या त्या कुटुंबाने पहिला आसरा घेतला त्याच भागात, महापालिकेच्या नाट्यगृहाला लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचे नाव आहे. त्याला पडदा आहे, प्रकाशयोजना आहे आणि आत जायला तिकीट लागते.