सार्वजनिक काका

इ. स. १८७० च्या सुमारास दख्खनच्या शेतकऱ्याला सावकाराइतकीच कोर्टाचीही धास्ती वाटत असे. कर्जरोख्यावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. खाली नांगराची निशाणी मात्र त्याची असे. मुनसफाची कचेरी कित्येक कोस दूर. स्टँपाला पैसे, अर्ज लिहिणाराला पैसे, वकिलाला पैसे! त्यापेक्षा न गेलेले बरे, असे समजून तो घरीच बसे. आणि त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होऊन शेत हातचे जाई.

हे दुःख ज्या वकिलाने ओळखले त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. त्यांचा जन्म ९ एप्रिल १८२८ रोजी साताऱ्यास झाला. आरंभी त्यांनी सरकारी नोकरी केली. ती सुटल्यावर पुण्यास येऊन त्यांनी वकिलीची सनद मिळवली. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिचे ते प्राण होते. निदान पन्नास लोकांचे मुखत्यारपत्र आणील त्यालाच सभेचा सभासद होता येई. वकिलीतली रीत त्यांनी अशी लोककार्यात आणली. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या वेषात गेले, ही गोष्ट तर सर्वश्रुतच आहे.

१८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले आणि दंगे पसरले. रोखे जाळून तंटे मिटत नाहीत. पण कोर्टात जाणे परवडत नाही, त्याने करावे काय? सभेच्या वतीने काकांनी लवाद कोर्ट काढले. दोन्ही पक्षांनी पंचांचा निवाडा मानण्याचे लिहून द्यावे, आपली हकिगत आपल्याच तोंडाने सांगावी, आणि पंचांनी निकाल द्यावा. त्यासाठी वकील देणे भाग नव्हते. असा निवाडा सरकारी न्यायालयात दाखल केला, तर त्याला हुकूमनाम्याचे बळ येई. ज्यांचे पोट वकिलीवर, त्यांनीच वकिलावाचून चालणारी कचेरी काढावी, हे विशेषच म्हटले पाहिजे! उणीव एकच: दोघांची संमती हवी. ज्या सावकाराला कोर्टात सहज जिंकता येई, तो पंचांपुढे कशाला येईल?

१८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा केला. त्यात तडजोड करणारे अधिकारी आणि गावमुनसफ नेमण्याची सोय होती. त्यांच्यापुढे वकिलांना मज्जाव होता. कोर्टात सावकाराने वकील दिला आणि शेतकऱ्याला तो देण्याची ऐपत नसली, तर शेतकऱ्याच्या बाजूने सरकारी वकील उभा करण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली. तडजोडीची ही वाट पुढे बुजली नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार आज यवतमाळला, तसेच वणी-पुसदसारख्या तालुक्याच्या गावीही लोकअदालत भरते. तेथे कोर्ट फी पडत नाही. चालू खटल्यात समेट झाला तर आधी भरलेली फीही परत मिळते.

त्याच १८७९ साली वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. बंडखोराची बाजू मांडणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. त्यांचे वकीलपत्र घेण्यास कोणी धजेना. ते काकांनी घेतले. फडक्यांना जन्मठेपेची शिक्षा होऊन एडनला नेण्यात आले. पुढच्याच वर्षी, २५ जुलै १८८० रोजी, काकांचे निधन झाले.