भाजलेल्या पायांचा धावपटू : ग्लेन कनिंगहॅम



झाशीचे नाव निघाले की आपणा मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती राणी लक्ष्मीबाई. मुंबईहून दिल्लीकडे जाताना झाशीचे स्थानक आले (आता ते राणीच्याच नावाने ओळखले जाते) की डब्यातील एखादे वडीलधारे माणूस मुलांना किल्ल्याची गोष्ट सांगू लागतेच. परंतु या नगरीचे नाव जगभर नेणारा आणखी एक पुरुष होऊन गेला, तो म्हणजे हॉकीपटू ध्यानचंद. त्यांचा जन्म प्रयागचा, पण आयुष्य झाशीचे. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यसंस्कारासाठी त्यांना झाशीलाच आणण्यात आले.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जर्मन गोलरक्षकाशी टक्कर होऊन ध्यानचंदांचा दात पडला. उपचार करून घेऊन ते पुन्हा मैदानात उतरले आणि भारताने तो सामना ८-१ असा जिंकला. ही हकिगत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याच बर्लिनमध्ये, त्या सामन्याच्या नऊ दिवस आधी, १,५०० मीटर शर्यतीच्या प्रारंभरेषेवर अमेरिकेचा एक धावपटू उभा होता. त्याच्या डाव्या पायाला एकही बोट नव्हते आणि दोन्ही पायांवर गुडघ्यांपासून खाली जळल्याचे व्रण होते. चार वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसलाही तो आणि झाशीचे ध्यानचंद एकाच ऑलिंपिकमध्ये खेळून गेले होते. ग्लेन कनिंगहॅम हे त्याचे नाव. त्याची जीवनकथा आज आपणापुढे ठेवावयाची आहे.

ग्लेनचा जन्म ४ ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात झाला. कॅन्सस म्हणजे सपाट माळरान, गव्हाची शेते आणि हिवाळ्यात हाडे गोठविणारा वारा. कुटुंब गरीब आणि कष्टाळू होते. खेड्यातील शाळा लहान. थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर जाऊन वर्गातील शेगडी पेटवावी लागे आणि ते काम ग्लेन व त्याचा १३ वर्षांचा भाऊ फ्लॉइड करीत. १९१७ च्या सुमारास अशाच एका सकाळी घात झाला. रॉकेलच्या डब्यात कोणीतरी चुकून पेट्रोल भरून ठेवले होते. शेगडीत ते ओतताच भडका उडाला. फ्लॉइड या अपघातात दगावला. ग्लेन वाचला, पण त्याच्या गुडघ्यांवरचे व नडग्यांवरचे मांस जळून गेले होते. डाव्या पायाची बोटे गेली आणि तळव्याची आडवी कमान जवळजवळ नष्ट झाली.

पाय कापून टाकावेत, असे डॉक्टरांचे मत पडले. वाचकहो, त्या डॉक्टरांना निष्ठुर समजू नका. पेनिसिलिनचा शोध लागावयास अजून दहाएक वर्षांचा अवधी होता. एवढ्या मोठ्या जखमा चिघळल्या तर प्राणावर बेतणार, हे त्यांना दिसत होते. परंतु मुलाचा आकांत पाहून आईवडिलांचे मन धजावेना. त्यांनी नकार दिला. एक मुलगा नुकताच गमावलेल्या त्या मातापित्यांनी दुसऱ्याच्या बाबतीत केवढा धोका पत्करला, याचा विचार क्षणभर करून पाहावा. पाय राहिले, पण हा मुलगा पूर्वीसारखा कधी चालेल अशी आशा डॉक्टरांना नव्हती.

पुढली दोन वर्षे मालिश आणि वेदना यांतच गेली. आखडलेल्या शिरा आणि कातडी सैल व्हावी म्हणून पाय तासन्‌तास चोळावे लागत. १९१९ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीस ग्लेनने पुन्हा चालण्याचा पहिला प्रयत्न केला. आणि मग एक विलक्षण गोष्ट त्याच्या ध्यानात आली. चालताना पायांत असह्य कळा येत, पण पळू लागले की दुखत नसे! ग्लेनने हे पुढे अनेकदा सांगितले आहे. म्हणून हा मुलगा जिकडे जाईल तिकडे पळतच जाऊ लागला. पाच-सहा वर्षे त्याने जणू दुसरे काही केलेच नाही. शर्यती जिंकण्याचा विचार तेव्हा त्याच्या मनातही नव्हता. चालणे टाळण्यासाठी तो धावत होता.

यशया संदेष्ट्याच्या ४० व्या अध्यायाचे ३१ वे वचन हे ग्लेनचे सर्वांत आवडते वचन होते. ते आपणास पाठ असेल. नसेल तर पवित्र शास्त्र उघडून जरूर पाहावे आणि त्यातील क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी उड्डाण, मग धावणे आणि सर्वांत शेवटी चालणे. वाचणाऱ्याला हा क्रम उलटा वाटतो, कारण मूल आधी चालते, मग धावते. ग्लेनच्या वाट्याला मात्र नेमका संदेष्ट्याचाच क्रम आला होता. त्याला धावणे सोपे होते, चालणे अवघड.

आपल्याकडे उपदेशांतून ही गोष्ट कधी कधी अशा रीतीने सांगितली जाते, की मुलाने विश्वास धरला, जिद्द केली आणि देवाने त्याला पदक दिले. त्यात फ्लॉइडचा उल्लेखही नसतो. मला ते पटत नाही. फ्लॉइड परत आला नाही आणि ग्लेनच्या पायाला बोटे पुन्हा फुटली नाहीत. ग्लेनचा विश्वास हा सौदा नव्हता. जे गेले ते गेलेलेच राहिले, आणि तरीही तो प्रभूला धरून राहिला.

पुढे एल्कहार्ट या गावी माध्यमिक शाळेत असताना त्याचा वेग लोकांच्या नजरेत भरला. तेथून कॅन्सस विद्यापीठ, आणि १९३२ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिक. तेथे १,५०० मीटरमध्ये तो चौथा आला. पदक हुकले. १९३३ साली त्याला अमेरिकेतील उत्कृष्ट हौशी खेळाडूचा सलिव्हन पुरस्कार मिळाला. १९३४ साली त्याने एक मैलाचे अंतर ४ मिनिटे ६.८ सेकंदांत तोडून जागतिक विक्रम केला. तो विक्रम तीन वर्षे टिकला.

या यशामागे रोजची एक कटकट होती. भाजलेल्या पायांत रक्त नीट फिरत नसे. त्यामुळे इतर स्पर्धक थोडे हातपाय हलवून तयार होत, तर ग्लेनला शर्यतीपूर्वी बराच वेळ अंग तापवावे लागे. शर्यत चार मिनिटांची आणि पूर्वतयारी त्याच्या कितीतरी पट! जागतिक विक्रम नावावर असतानाही यातून त्याची सुटका झाली नाही.

६ ऑगस्ट १९३६ च्या त्या शर्यतीत ग्लेन आघाडीवर होता. सुमारे ३०० मीटर उरले असता न्यूझीलंडच्या जॅक लव्हलॉकने अचानक मुसंडी मारली. एवढ्या लवकर तो वेग वाढवील असे कोणास वाटले नव्हते. ग्लेनने पाठलाग केला, पण ते अंतर भरून निघाले नाही. लव्हलॉक ३ मिनिटे ४७.८ सेकंद, ग्लेन ३ मिनिटे ४८.४ सेकंद. गंमत अशी की जुना जागतिक विक्रम ३ मिनिटे ४८.८ सेकंदांचा होता, म्हणजे दुसरा आलेला ग्लेनही तो मोडूनच आला होता. त्याच वर्षी ८०० मीटरचा आणि १९३८ साली बंदिस्त मैदानावरील मैलाचा (४ मिनिटे ४.४ सेकंद) विक्रम त्याने केला. १९४० साली शर्यती थांबविल्या.

येथे बहुतेक चरित्रे संपतात. खरे पाहता ग्लेन कनिंगहॅम यांच्या आयुष्याचा मोठा भाग यापुढेच आहे. शर्यतींच्या काळातच त्यांनी डॉक्टरेटपर्यंतचे शिक्षण पुरे केले होते. नंतर आयोवातील कॉर्नेल कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे प्रमुख म्हणून काम केले आणि महायुद्धाच्या काळात नौदलात सेवा केली. युद्धानंतर पत्नी रूथ यांच्यासह त्यांनी कॅन्ससमध्ये आपल्या शेतावर एक वेगळेच घर मांडले. वाट चुकलेली, घरातून टाकलेली, कोणाला नकोशी झालेली मुले तेथे येऊ लागली. काही आठवडाभर राहत, काही वर्षानुवर्षे. शेतावर घोडे आणि इतर जनावरे होती. एखाद्या मुक्या जनावराचे दाणापाणी ज्या मुलावर सोपविले जाते, त्याला आपणही कोणाला तरी हवे आहोत असे वाटू लागते, अशी कनिंगहॅम यांची धारणा होती. तीन दशकांच्या काळात त्यांच्या आश्रयाने राहून गेलेल्या मुलांची संख्या नऊ-दहा हजार सांगितली जाते. शिवाय स्वतःची मोठी मुलेबाळे होतीच.

एवढ्यांचा खर्च शेतीतून भागणे शक्य नव्हते. मग कनिंगहॅम गावोगावी व्याख्याने देत आणि शाळा-चर्चमधून व्यसनांविरुद्ध व ख्रिस्ती जीवनाविषयी बोलत. या कामाला प्रेक्षक नव्हते, घड्याळ नव्हते आणि शेवटची फेरीही नव्हती. ज्या पायांना चालणे नकोसे होते, त्याच पायांनी ते या मुलांबरोबर शेतावर चालत राहिले.

१० मार्च १९८८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, आर्कान्सा प्रांतातील मेनिफी येथे त्यांचे निधन झाले. ज्या पायांविषयी डॉक्टरांनी आशा सोडली होती, त्यांनी त्यांना सत्तर वर्षे साथ दिली होती.