विश्लेषण : हायफेट्झ, मिलस्टाइन, एलमन... जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक एकाच वर्गातून कसे घडले?

यशा हायफेट्झ, मिशा एलमन, एफ्रेम झिम्बालिस्ट, नेथन मिलस्टाइन. विसाव्या शतकात व्हायोलिनच्या मैफली गाजवणारी ही नावे एकाच शिक्षकाच्या वर्गातली आहेत. त्या शिक्षकाचे नाव लिओपोल्ड आऊर.

कोण होते आऊर?

जन्म १८४५, हंगेरीतील वेस्प्रेम. बुडापेस्ट आणि व्हिएन्नाच्या संगीत महाविद्यालयांत शिकून ते हॅनोव्हरला योआखिम यांच्याकडे गेले. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग कॉन्झर्व्हेटरीत विन्याव्स्की यांच्या जागी नेमणूक झाली आणि पुढची जवळपास ५० वर्षे तिथेच गेली. चायकोव्हस्कीने १८७८ मध्ये आपला व्हायोलिन कन्चेर्टो त्यांनाच अर्पण केला होता, पण त्यांनी तो वाजवला नाही. अखेर १८८१ मध्ये व्हिएन्नात ब्रॉडस्की यांनी तो पहिल्यांदा सादर केला. आऊर यांनी नंतर तो स्वतःही वाजवला, विद्यार्थ्यांनाही शिकवला.

वर्गात काय व्हायचे?

बोटांची मूलभूत तयारी बहुतांशी सहायक करून घेत. आऊर यांच्यासमोर उभे राहायचे ते रचना तयार करूनच, पियानोच्या साथीने, इतर विद्यार्थ्यांच्या देखत. इंजिनीअरिंगची व्हायव्हा आठवावी, फक्त इथे प्रत्येक तास व्हायव्हाचा. त्यामुळे रंगमंचाची सवय वर्गातच होई. गज धरण्याची एकच पद्धत मात्र त्यांनी सर्वांवर लादली नाही.

अर्थात, मुले आधीच तयारीची असत. हायफेट्झ विल्नात शिकून आला होता. मग वर्गाने वेगळे काय दिले?

राहण्याचा हक्क

झारशाहीत ज्यूंना राजधानीत राहायला सहसा मनाई होती. कॉन्झर्व्हेटरीच्या विद्यार्थ्याला सूट मिळे, पालकांना नाही. १९१० मध्ये नऊ वर्षांच्या यशाला प्रवेश मिळाला, पण एवढे लहान मूल एकटे कसे राहणार? वडील स्वतः व्हायोलिनवादक होते. आऊर यांनी त्या चाळिशीच्या गृहस्थांचे नावही वर्गात घालून घेतले! हा प्रवेश झाला नसता तर मुलाला परत जावे लागले असते. २७ ऑक्टोबर १९१७ रोजी, १६व्या वर्षी, हायफेट्झ न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होता.

क्रांतीनंतर १९१८ मध्ये सत्तरी ओलांडलेले आऊरही अमेरिकेत पोहोचले. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत त्यांनी शिकवले. १९३० मध्ये ड्रेस्डेनजवळ त्यांचे निधन झाले. कर्टिसचे संचालकपद १९४१ मध्ये त्यांचेच विद्यार्थी झिम्बालिस्ट यांच्याकडे गेले.