कस्तुरबांना क्लोरोफॉर्म का दिला नाही?

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय वर्धा जिल्ह्यात सगळ्यांच्या परिचयाचे आहे. पण ज्यांचे नाव त्याला दिले आहे, त्या कस्तुरबा गांधींवर एकदा भूल न देता शस्त्रक्रिया झाली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचा जन्म १८६९ मध्ये पोरबंदरचा. १८९७ मध्ये त्या पतीसोबत दक्षिण आफ्रिकेत गेल्या. तिथे पुढे त्यांना वारंवार रक्तस्राव होऊ लागला आणि डर्बनमध्ये शस्त्रक्रिया करायचे ठरले. तोवर शरीर इतके खंगले होते, की डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म टाळला. बांनी वेदना सोसल्या आणि त्या वाचल्या.

क्लोरोफॉर्म हृदयाचे आकुंचन मंद करतो, रक्तवाहिन्या सैल करतो, कधी ठोक्यांची लयही बिघडवतो. आधीच रक्त कमी असलेल्या माणसाला हे झेपणे अवघड. आज क्लोरोफॉर्म वापरात नाही, पण तोच प्रश्न हृदयाच्या प्रत्येक ऑपरेशनच्या सुरुवातीला आमच्यापुढे असतो. गुंगी आणणाऱ्या प्रोपोफॉलने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. धडधाकट माणूस ते सहज सावरतो, कमकुवत हृदय सावरू शकत नाही. एटोमिडेटने रक्तदाब बराच स्थिर राहतो, मात्र ते अधिवृक्क ग्रंथीचे काम काही काळ दाबते. केटामाइनने उलट ठोके आणि दाब वाढतात, जे अरुंद झालेल्या हृदयधमन्यांना सोसवेलच असे नाही. म्हणून औषधाइतकीच देण्याची पद्धत महत्त्वाची. हृदय मंद असेल तर शिरेतले औषध मेंदूपर्यंत पोचायलाही वेळ लागतो. रुग्ण झोपत नाही म्हणून घाईने आणखी डोस दिला, तर दाब एकदम कोसळू शकतो. बहुतेक वेळा मनगटाच्या धमनीत बारीक नळी आधीच घालतात. तिच्यामुळे दाब ठोक्या-ठोक्याला दिसतो, आणि तो वाढवणारे इंजेक्शन हाताशी भरून ठेवलेले असते.

१९३६ पासून बा वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहिल्या. तिथली बा कुटी अजून पाहता येते. १९४२ मध्ये अटक होऊन त्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाल्या. तिथे हृदयविकार बळावला. डॉ. सुशीला नय्यर आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर हेही तिथेच बंदिवासात होते. त्यांनी उपचार केले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बा गेल्या. पुढे सुशीलाबेननी सेवाग्रामला रुग्णालय उभे केले, आणि १९६९ मध्ये तिथेच वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

आज अशक्त हृदयाच्या रुग्णाला भूल नाकारत नाहीत, ती बेताने देतात. त्यासाठी भूलतज्ज्ञाला काही गोष्टी आधी कळायला हव्यात: उताणे झोपल्यावर दम लागतो का, चक्कर येऊन कधी पडलात का, हल्ली जुलाब-उलट्या किंवा रक्तस्राव झाला का. गोळ्यांची पाकिटे सोबत आणा. रक्तदाबाच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी थांबवतात, काही त्या सकाळीही घ्यायच्या असतात. कोणती कुठली, ते भूलतज्ज्ञच सांगतील. स्वतःहून एकही बंद करू नका.