शहाजीराजे आणि माहुलीचा वेढा

आसनगांव स्टेशनाहून दिसणारे माहुलीचे उंच सुळके शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक मुलास परिचित आहेत. याच किल्ल्यावर १६३६ सालीं शहाजीराजे भोसले यांनीं एक बुडतें राज्य वांचविण्याचा शेवटचा यत्न केला. शिवछत्रपतींचे पिते म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांचें स्वतःचें चरित्रही मनन करण्याजोगें आहे.

निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर १६२६ सालीं वारला व त्या राज्यास उतरती कळा लागली. १६२९ सालीं निजामशहाच्या दरबारांत राजांचे सासरे लखुजी जाधवराव यांचा घात झाला. तेव्हां राजे मोंगलांस मिळाले. पण त्यांस दिलेला मुलूख काढून फत्तेखानास देण्यांत आल्यावर त्यांनीं ती चाकरी सोडली. १६३३ सालीं दौलताबादचा किल्ला मोंगलांनीं घेतला. तरीही राजांनीं पेमगिरीस निजामशाही वंशांतील एक बालक गादीवर बसवून त्याच्या नांवानें कारभार चालविला.

आतां तीन हेतु समोरासमोर आले. शहाजहानास आपली सरहद्द दक्षिणेकडे वाढवावयाची होती. मोंगल आपल्या वेशीपाशीं येऊं नयेत म्हणून विजापूरचा आदिलशहा राजांस साह्य करी. राजांस दक्षिणेंतील एक राज्य व त्यांतील आपलें स्थान टिकवावयाचें होतें. १६३६ सालीं शहाजहान स्वतः दौलताबादेस आला व मोंगली फौजांनीं विजापूरचा मुलूख उजाड केला. तेव्हां आदिलशहानें आपलें घर आधीं सांवरलें. मे महिन्यांत तह झाला. त्यानें वीस लाख रुपये पेशकश कबूल केली व निजामशाहीच्या मुलखाचा वांटा पदरांत पाडून घेतला. कालचा साह्यकर्ता आज प्रतिपक्षास मिळाला.

मोंगलांचा खानजमान व विजापूरचा रणदुल्लाखान यांनीं माहुलीस वेढा दिला. बाहेरून मदतीची आशा उरली नाहीं. अखेर राजांनीं किल्ला व बालराजा मोंगलांच्या स्वाधीन केले. त्या निरपराध मुलास ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत बंदींत ठेवण्यांत आलें आणि निजामशाही संपली. राजे विजापूरच्या चाकरींत कर्नाटकांत गेले. २३ जानेवारी १६६४ रोजीं होदिगेरे येथें शिकारींत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, राजांच्या शौर्यांत उणें नव्हतें. परंतु त्यांचें राज्य दुसऱ्याच्या गरजेवर उभें होतें, आणि ती गरज सरतांच तें कोसळलें. पुणें-सुप्याची जहागीर मात्र त्यांच्याकडे राहिली. तेथेंच वाढलेल्या त्यांच्या पुत्रानें पुढें स्वतःच्या बळावर उभें राहणारें राज्य स्थापिलें, आणि माहुलीही त्या राज्यांत आणली.