जनरल आर्थर वेलस्ली : वऱ्हाडच्या सरहद्दीवरील एक शिपाई

ज्युबिलीच्या स्मारक-पुस्तिकेंत संतांचीं व मिशनऱ्यांचीं चरित्रें वाचण्याची आपणांस संवय आहे. ज्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों, तो संत नव्हता, मिशनरी नव्हता आणि कॅथॉलिकहि नव्हता. परक्या सत्तेचा सेनापति म्हणून तो आपल्या मुलखांत आला. तथापि त्याच्या कष्टाच्या दिवसांशीं आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा निकट संबंध आहे. आणि पुढें पंचवीस वर्षांनीं ब्रिटिश राज्यांतील कॅथॉलिकांच्या पायांतील बेडी त्याच्याच हातून निघाली. म्हणून त्याची ओळख आपणांस असावी.

आर्थर वेलस्ली याचा जन्म १७६९ सालीं आयर्लंडांत डब्लिन येथें एका प्रॉटेस्टंट सरदार घराण्यांत झाला. तो बारा वर्षांचा असतां बाप वारला. हा मुलगा पुढें कांहीं नांव काढील असें आईसहि वाटत नव्हतें. तरुणपणीं त्यानें कॅथरीन पेकनम या कुलीन कन्येस मागणी घातली. परंतु त्याच्यापाशीं ना पैसा ना पद, म्हणून तिच्या घरच्यांनीं नकार दिला. तेव्हां त्यानें आपलीं आवडतीं व्हायोलिनें जाळून टाकलीं व सर्व मन शिपाईगिरींत घातलें. फेब्रुवारी १७९७ मध्यें, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो आपल्या पलटणीसह कलकत्त्यास उतरला. पुढचीं आठ वर्षें मायभूमि त्याच्या दृष्टीस पडली नाहीं.

१७९८ सालीं त्याचा वडील बंधु गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि वशिल्यानें पद मिळालें असें लोक बोलूं लागले. वशिला होता हें खरें. परंतु तापास व तोफेच्या गोळ्यास वशिला कळत नाहीं. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टणाबाहेरील एका आमराईवर रात्रीं केलेला त्याचा हल्ला अंधारांत साफ फसला, आणि ती रात्र तो जन्मभर विसरला नाहीं. १८०१ सालीं मुंबईस तापानें व त्वचेच्या रोगानें तो अंथरुणास खिळला. ज्या गलबतांतून तो पुढें जाणार होता, तें गलबत समुद्रांत सर्व माणसांसह बुडालें. आजारानेंच त्याचे प्राण वाचविले.

१८०० सालीं त्यानें धोंडिया वाघ या बंडखोराचा पाठलाग करून त्यास लढाईंत मारिलें. त्या वेळीं धोंडियाचा लहान मुलगा छावणीच्या सामानांत सांपडला. वेलस्लीनें त्या पोरक्या मुलास आपल्या तंबूंत आश्रय दिला, त्याच्या पालनाची व्यवस्था केली, आणि देश सोडतांना त्याच्यासाठीं पैसाहि ठेविला. स्वतःचें घर नसलेल्या या शिपायाच्या अंतःकरणाचा हा एक कोपरा इतिहासानें जपून ठेविला आहे.

१८०३ च्या उन्हाळ्यांत दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचा तळ आपल्या मलकापूरच्या आसपास पडला होता. बोलणीं फिसकटलीं आणि इंग्रज वकील ३ ऑगस्ट रोजीं तेथून निघून गेला. वेलस्लीनें १२ ऑगस्ट रोजीं अहमदनगरचा किल्ला घेतला व भर पावसाळ्यांत गोदावरी ओलांडली. चिखलांत तोफा रुतत, बैल बसत, आणि सैन्याचें पोट वंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून असे. धान्य व बैल सांभाळले तरच लढाई लढतां येते, हें त्याच्या सेनानीपणाचें सूत्र होतें.

२३ सप्टेंबर रोजीं, सुमारें वीस मैलांची मजल मारून थकलेल्या सैन्यानिशीं, त्यास एकाएकीं शत्रूची सर्व फौज समोर दिसली. हें ठिकाण म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस, भोकरदनजवळील असई. केळणा नदीस उतार नाहीं असें वाटाडे सांगत होते. परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें पाहून, त्यांच्यामध्यें उतार असलाच पाहिजे, असें त्यानें ताडलें. आणि तो खरा निघाला. नदी ओलांडतांना त्याच्या शेजारच्या स्वाराचें डोकें तोफेच्या गोळ्यानें उडालें. त्याचा एक घोडा मारला गेला, दुसऱ्यास भाला लागला. शिंद्यांच्या तोफखान्यानें शर्थ केली. संध्याकाळीं जय मिळाला. परंतु त्याचे ४२८ लोक ठार व ११३८ जखमी झाले होते. मराठ्यांची हानि तर याहून पुष्कळ मोठी होती. जखमी पुढें अजिंठ्यास हलविण्यांत आले. त्या रात्रीं वेलस्ली मृतांच्या व जखमींच्या सान्निध्यांतच पडून राहिला. झोंप लागे व मोडे, आणि जागें होतांच आपले सर्व मित्र गेले हाच एक विचार मनांत येई. उतारवयांत, आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती, असें विचारलें असतां त्यानें असईचेंच नांव घेतलें.

२९ नोव्हेंबर रोजीं आजच्या अकोला जिल्ह्यांतील अडगांव येथें पुन्हां लढाई झाली. असईस न डगमगलेल्या शिपायांच्या पलटणी येथें तोफांनीं भेदरून पळूं लागल्या. त्यांच्यावर न रागावतां वेलस्लीनें त्यांस गोळा केलें व स्वतः पुढें होऊन परत नेलें. १५ डिसेंबर रोजीं गाविलगड पडला आणि वर्ष संपण्यापूर्वीं दोन्ही तह झाले.

जय पुरा झाला. पण त्याची किंमत जानेवारी १८०४ मध्यें त्याच्या डोळ्यांपुढें उभी राहिली. जिजाबाईंचें माहेर असलेल्या सिंदखेडास चोरांनीं आश्रय केला होता, माणसें शेंकड्यांनीं उपाशी मरत होतीं, आणि त्यांस लेशभर साह्य करील असें कोणतेंहि सरकार उरलें नव्हतें, अशी नोंद त्यानें केली. हें करुण चित्र पाहतांना एक गोष्ट विसरूं नये. ज्या सैन्यांनीं हा मुलूख पिंजून काढिला, त्यांत त्याचेंहि सैन्य होतें. लुटारू शिपायांस तो फांशीं देई व धान्याचे पैसे चुकते करी. परंतु विकत घेतलेलें धान्यहि शेवटीं त्याच रित्या होत जाणाऱ्या कोठारांतून येत होतें. त्या वर्षीं अहमदनगर येथें त्यानें सशक्तांस काम व दुर्बलांस अन्न देण्याची तजवीज केली.

१८०५ सालीं, संधिवातानें जर्जर होऊन, तो स्वदेशीं निघाला. १८०६ मध्यें त्याच कॅथरीनशीं त्याचा विवाह झाला. परंतु इतक्या वर्षांच्या ताटातुटीनें दोघेंहि बदललीं होतीं, व संसार सुखाचा झाला नाहीं. स्पेनांतील युद्ध, १८१५ ची वॉटर्लूची लढाई व ड्यूक ऑफ वेलिंग्टन ही पदवी सर्वश्रुत आहे. स्पेनांत त्याच्या सैन्यांत असंख्य आयरिश कॅथॉलिक लढले व पडले. पण त्यांच्या धर्मबांधवांस पार्लमेंटांत बसण्याचा अधिकार नव्हता.

१८२८ सालीं वेलिंग्टन मुख्य प्रधान झाला. त्याच वर्षीं डॅनियल ओकॉनेल हा कॅथॉलिक पुढारी आयर्लंडांतून निवडून आला, आणि देश यादवीच्या कडेवर उभा राहिला. ड्यूक पूर्वीं या मागणीस प्रतिकूल होता. परंतु आतां तो बदलला. राजा रुसला, स्वपक्षीय उलटले, आणि एका सरदाराशीं त्यास पिस्तुलांचें द्वंद्वहि खेळावें लागलें. आयुष्याचा मोठा भाग आपण युद्धांत, आणि तोहि बहुतेक यादवी युद्धांत घालविला आहे. आपल्या देशास त्याचा एक महिनाहि भोगावा लागूं नये म्हणून आपण प्राणहि देऊं, असें त्यानें सरदारांच्या सभेंत सांगितलें. १३ एप्रिल १८२९ रोजीं कायदा मंजूर झाला. तो निर्दोष नव्हता : आयर्लंडांतील गरीब शेतकऱ्यांचा मताधिकार त्याच वेळीं गेला, आणि येशूसंघादि धर्मसंघांवर निर्बंध राहिले. तरी मुख्य दार उघडलें.

१४ सप्टेंबर १८५२ रोजीं वेलिंग्टन मरण पावला. कॅथॉलिकांविषयींच्या प्रेमानें त्यानें हें कार्य केलें, असें म्हणतां येणार नाहीं. युद्ध म्हणजे काय हें त्यास ठाऊक होतें, म्हणून केलें. तें ज्ञान त्यानें जेथें जेथें मिळविलें, त्यांत असईचें रान आहे आणि आपलें सिंदखेडहि आहे. तेथील उपाशी माणसांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. ज्युबिलीच्या प्रार्थनेंत त्या अनामिकांचेंहि आपण स्मरण करूं या.